पलीकडची सात गावं: पुराआधीच्या नकाशाच्या आणि संपर्काच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, औरवाड

रामनवमीचा जन्मकाळ झाल्यावर दुपारी ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये पहिली बैठक. कामाचा आवाका आज पक्का केला: कृष्णेच्या पलीकडची औरवाड, गौरवाड, बुबनाळ, आलास, कवठेगुलंद, शेडशाळ आणि गणेशवाडी ही शिरोळ तालुक्यातली सात गावं. नृसिंहवाडी-औरवाड पूल पाण्याखाली गेला की यांचा तालुक्याशी संबंध तुटतो. मग उरतो तो कागवाडकडून, म्हणजे कर्नाटकातून फिरून येणारा रस्ता, आणि तोही किती दिवस टिकेल ते पाणी ठरवतं.

आकडे इथं सगळ्यांना पाठ आहेत, तरी नोंदीत असावेत. सांगलीच्या इर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. जुलै २०२१ मध्ये ५६ च्या वर. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, म्हणजे कोल्हापूरचं आणि सांगलीचं पाणी इथं एकत्र येतं. जमिनीला उतार जवळजवळ नाही, त्यामुळे आलेलं पाणी लवकर हलत नाही.

बैठकीत मी एकच प्रश्न विचारला: २०१९ ला बाहेरची बोट आली तेव्हा अडलं कुठं? उत्तर सगळीकडून तेच. पथकाला गाव सापडत होतं, घर सापडत नव्हतं. प्रत्येक बोटीत पुढं गावातला एक पोरगा वाटाड्या म्हणून बसवावा लागायचा. पोरं दमली, काही स्वतःच्या घरच्यांना हलवण्यात गुंतली, की बोट, इंजिन, पेट्रोल सगळं असून बोट काठाला उभी. आणि फोन बंद, त्यामुळे कुठल्या मळ्यात कोण अडकलंय हे कळवायचं कुणी आणि कुणाला, हा दुसरा घोर.

म्हणून काम दोन भागांत. वाटाड्याच्या डोक्यात जे असतं ते कागदावर आणि फोनमध्ये आणायचं. आणि टॉवर गेल्यावरही दोन ओळींचा निरोप गावातून बाहेर जाईल अशी सोय करायची. मुदत: मृग निघायच्या आत.

१२ एप्रिल

आधार म्हणून ओपनस्ट्रीटमॅप घेतोय. कारण साधं आहे: तो कुणीही भरू शकतो, फोनमध्ये उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येतो, छापता येतो, आणि उद्या एनडीआरएफचं पथक पुण्याहून निघालं तर वाटेतच उतरवून घेऊ शकतं. गुगलच्या नकाशावरून एकही रेघ उचलायची नाही, हे सगळ्यांना पहिल्या दिवशीच सांगितलं. परवान्यात ते बसत नाही.

नव्या मुलांना हैतीची गोष्ट सांगितली. १२ जानेवारी २०१० ला पोर्ट-ओ-प्रिन्सला भूकंप झाला तेव्हा त्या शहराचा नकाशा जवळजवळ कोरा होता. जगभरच्या लोकांनी घरी बसून उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत गल्ल्यागल्ल्या काढल्या आणि बचाव पथकांनी तो नकाशा हातातल्या जीपीएसवर घेऊन वापरला. त्यातूनच पुढं ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली. २५ एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपात काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या तिथल्या संस्थेचं नकाशाचं काम आधीच झालेलं होतं, म्हणून तिथं नकाशा लवकर हाती आला. माझा भर या दुसऱ्या उदाहरणावर आहे. आपत्ती आल्यावर काढलेल्या नकाशात इमारती येतात. नावं येत नाहीत. नावं गावात फिरूनच मिळतात आणि त्यासाठी गाव कोरडं असावं लागतं.

पुण्यातल्या स्वयंसेवकांनी गावठाणं आणि मळ्यांतली घरं चित्रावरून काढायला घेतली आहेत. बरेचजण मूळचे याच भागातले, नोकरीनिमित्त तिकडे. तपासणीत दिसलं ते असं: गुऱ्हाळाची शेड, कडब्याची गंजी, गोठा, पॉलिहाउस, सगळ्याला "घर" अशी खूण. वरून बघणाऱ्याला पत्रा तो पत्राच. शिवाय चित्र जमिनीवरच्या जागेपासून काही मीटर सरकलेलं आहे. पाणंदीवरून मोटारसायकल फिरवून जीपीएसचे माग घेतले आणि त्यावर चित्र बसवलं, मगच पुढचं काम.

२० एप्रिल, बुबनाळ आणि आलास

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात मोलाचा.

मळ्यांची नावं गोळा करत होतो. पाटील मळा, चौगुले मळा, मगदूम मळा. एकेका गावात एकाच आडनावाचे तीन-चार मळे. गट नंबर विचारला तर लोक घरात जाऊन सातबारा शोधायला लागतात. पुरात सातबारा कोण बघणार? जागेचा पत्ता सांगणारा प्लस कोड फोनवर काढून दाखवला, पण इंग्रजी अक्षरं-आकड्यांची ती माळ भिजलेल्या माणसानं पत्र्यावर बसून सांगायची ही कल्पनाच मला पटेना.

डेअरीपाशी दुधाचं माप घालून बसलेल्या एका काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मळ्याचं नाव इच्चारू नका ताई, एका नावाचं चार मळं हायती. डीपी इच्चारा."

आणि खरोखर, विचारेल त्याला आपला डीपी, म्हणजे खांबावरचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, माहीत! लहान पोरालासुद्धा. मोटार चालू होईना की "कुठला डीपी?", लाइट गेली की "कुठला डीपी गेलाय?", लाइनमनला फोन केला की पहिला शब्द डीपी. रोज रात्री पाण्याच्या पाळीसाठी शेतकरी जागतो तो डीपीच्या भरवशावर. सगळं शिवार डीपींमध्ये वाटलेलं आहे आणि ती वाटणी प्रत्येकाच्या तोंडी आहे. एका डीपीवर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं, सगळी हाकेच्या अंतरावर. बोटीला एवढा पत्ता पुरतो.

म्हणजे पत्त्याची पद्धत गावात आधीच होती. आम्ही ती नव्यानं घालायच्या मागं लागलो नाही, हे बरं. आता नकाशाचा कणा डीपी. प्रत्येकाला गावाचं अक्षर आणि क्रमांक: औ ७, बु ३, आ ११. गौरवाड आणि गणेशवाडी दोन्ही "ग"ची, म्हणून गौ आणि गण. प्रत्येक डीपीखाली येणारी घरं, त्यांचे माळे, पक्की गच्ची आहे का, गोठ्यात जनावरं किती, एवढी माहिती कोबोटूलबॉक्सच्या फॉर्मवर. तो फोनमध्ये इंटरनेटशिवाय भरता येतो आणि रेंजमध्ये आल्यावर वर चढतो.

२७ एप्रिल, औरवाडचं शिवार

लाइनमन दादा आज दिवसभर सोबत. सकाळी त्यांना छापलेला नकाशा दाखवला, रस्ते ठळक, पाणंदी बारीक. त्यांनी नुसती मान हलवली. "ताई, तुमच्या नकाशात रस्तं हायती. पाणी आल्यावर रस्ता कुठं दिसतोय? तारा दिसत्यात."

मग एका खांबाजवळ उभं राहून त्यांनी हिशेब मांडला, तो जसाच्या तसा लिहून ठेवते. सिमेंटचा खांब आठ मीटरचा. त्यातला दीड मीटर जमिनीत, वर साडेसहा. दोन खांबांच्या मधोमध तार झोळ खाते, तिथं ती जमिनीपासून पाचेक मीटरवर येते. जुनी लाइन असेल तर आणखी खाली. याच खांबावर २०१९ च्या पाण्याची गाळाची रेघ त्यांनी हात उंच करून दाखवली, तीन मीटरच्या आसपास. राहिलं काय? दोन मीटर. बोटीत उभा राहिलेला माणूस हात वर करतो तेवढंच. वीज बंद केलेली असते, पण अंधारात, पावसात, इंजिनच्या वेगात ती तार गळ्याला किंवा छातीला लागली तर माणूस पाण्यात जाणारच. आणि बंद केलेली लाइन बंदच आहे, हे बोटीवरच्या पथकाला सांगणार कोण, हा प्रश्न वेगळा उरतो.

दुपारपर्यंत आम्ही नकाशाचा नवा थर ठरवून टाकला: बोटीचा थर. त्यात हे येतं.

तारा, आणि पूररेषेच्या हिशेबानं त्यांच्याखाली किती जागा राहते. अडीच मीटरपेक्षा कमी तिथं लाल. कठडा नसलेल्या विहिरी, कारण वरून पाणी सगळीकडं सारखंच दिसतं आणि पाणी उतरताना माणूस चालत निघतो तेव्हा तीच विहीर जीव घेते. काटेरी तारेची कुंपणं, ज्यात इंजिनचा पंखा अडकतो. द्राक्षबागेचे अँगल आणि तारा, तेच कारण. आणि ऊस. उभ्या आडसाली उसात बोट घालायची नाही, पाचट पंख्याला गुंडाळलं की इंजिन बंद आणि बोट प्रवाहाच्या हवाली. म्हणून बोटीची वाट बहुतेक ठिकाणी गाडीरस्त्यावरूनच जाते, दोन्ही बाजूंच्या उसाच्या शेंड्यांमधून. पण बरोबर रस्त्याकडेलाच तारा असतात! प्रत्येक डीपीला कुठल्या बाजूनं शिरायचं हे त्यामुळे एकेक करून ठरवावं लागणार आहे. दादा म्हणाले, गावागावांतल्या लाइनमनना मी बोलतो.

ओपनस्ट्रीटमॅपमध्ये तारा, खांब, डीपी, विहिरी यांच्या खुणा आहेतच. "बोटीनं कुठून शिरायचं" ही खूण मात्र आमच्या वेगळ्या थरात ठेवतोय, कारण ती दर वर्षी बदलणार: यंदा ऊस असलेल्या रानात पुढल्या वर्षी सोयाबीन असेल.

४ मे

उपग्रहाच्या पूरनकाशांवर बराच वेळ गेला. थोडक्यात निष्कर्ष.

पावसाळ्यात ढगांमुळे साधं चित्र मिळत नाही, रडारचं मिळतं. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार बघतं आणि चित्र फुकट उपलब्ध असतं. उघडं पाणी त्यात काळं दिसतं, त्यामुळे गावठाण, नदी, नांगरलेलं रान यांत पाणी कुठवर शिरलं ते चांगलं कळतं. पण आमच्याकडे रान उसाचं. बारा फूट उसात सहा फूट पाणी असलं तरी रडारला वरचं पान दिसतं, आणि नकाशावर ते शेत कोरडं उमटतं. २०१९ ची चित्रं काढून बघितली. ज्या मळ्यांत लोक पत्र्यावर बसून होते ते मळे तिथं कोरडे दिसतात. मुंबई-दिल्लीत बसून असा नकाशा बघणाऱ्याला हे माहीत असलं पाहिजे. शिवाय एक उपग्रह त्याच जागी त्याच कोनातून बारा दिवसांनी परत येतो. आमचं पाणी एका रात्रीत चढतं.

उंचीचे फुकट मिळणारे जागतिक नकाशेही इथं उपयोगाचे नाहीत. त्यांची चूक काही मीटरची असते, आणि आमच्या दोन गल्ल्यांमधला फरक दोन फुटांचा.

म्हणून भिंतींवरच्या खुणा. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या रेघा घराघरांत लोकांनी राखून ठेवल्यात; कुणी खिळा मारलाय, कुणी तारीख घालून रंगानं ओढलीय. त्या मोजून डीपीनिहाय लिहितोय. जलसंपदा खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या, त्याही नकाशात ठेवल्यात, पण गावकऱ्याशी बोलताना भिंतीवरची रेघच कामाची. "इर्विनला इतके फूट झाले की आमच्या उंबऱ्याला लागतं" असं प्रत्येक आजीला सांगता येतं. ते वाक्यसुद्धा फॉर्ममध्ये जसंच्या तसं घेतोय.

११ मे, कवठेगुलंद आणि शेडशाळ

संपर्काची पहिली मोठी चाचणी.

मांडणी अशी: मेशटास्टिक या प्रणालीवर चालणारे छोटे लोरा रेडिओ, म्हणजे कमी विजेवर दूरवर छोटा मजकूर पाठवणारे संच, ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ, म्हणजे आपल्याकडे परवाना न लागणारा पट्टा. गावच्या पाण्याच्या टाकीवर एकेक, सोलर पॅनल आणि बॅटरीसह. खाली माणसाच्या खिशात एक, ब्लूटूथनं फोनला जोडलेला. खिशातून निघालेला निरोप टाकीवर जातो, टाकीवरून पुढच्या गावच्या टाकीवर, असं करत नदीपलीकडं. टॉवर नको, सिम नको. एका रेडिओवरून दुसऱ्यावर अशा मुळातच ठरलेल्या तीन उड्या असतात, वाढवून सातपर्यंत नेता येतात. आवाज जात नाही, फक्त मजकूर आणि जागा.

टाकी ते टाकी निरोप अगदी स्वच्छ गेला, कारण मध्ये हवेशिवाय काही नाही. जमिनीवरून टाकीला मात्र वेगवेगळे अनुभव. खोडव्याच्या गुडघाभर उसातून सहज. आडसालीत शिरलो, डोक्याच्या वर गेलेला ऊस, दुपारीच पाणी पाजलेलं रान, तिथं निरोप अडकायला लागला. पाण्यानं भरलेलं पान ही लहर शोषून घेतं. ऑगस्टमध्ये सगळीकडं असाच ऊस असणार आणि वर पाऊस. म्हणून नियम केला: निरोप पाठवायचा तो गच्चीवरून, पत्र्यावरून किंवा बोट मोकळ्या पाण्यात असताना. आणि चाचण्या आडसालीच्या रानातच घ्यायच्या, उघड्या माळावरच्या अंतराचा आकडा कुणाला सांगायचा नाही.

बॅटरीचं गणित जुलैच्या आभाळावर करतोय. सलग आठवडाभर सूर्य दिसला नाही तरी टाकीवरचा रेडिओ चालला पाहिजे. वायफाय असलेले स्वस्त बोर्ड वीज फार खातात. टाकीसाठी कमी वीज खाणारी चिप असलेलेच घेतले, खिशातल्यांना स्वस्त चालतील, ते रोज चार्ज होतात.

सॅटेलाइट फोनबद्दल एका सरपंचांनी विचारलं. आपल्या देशात तो दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाही, आणि चालतो तो बीएसएनएलमार्फत मिळणारा इनमारसॅट. बाहेरून आणलेला थुराया किंवा इरिडियम सापडला तर अटक होते. परदेशातून येणारेही यात अडकले आहेत. म्हणून तो विषय प्रशासनाकडे. आमच्याकडे जयसिंगपूरचे एक परवानाधारक हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, आहेत. ते १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर आवाजाची सोय करणार आहेत, गावातून तालुक्यापर्यंत. गावातल्या गावात लोरा, गावाबाहेर हॅम.

१८ मे

निरोपाची भाषा ठरवायला बसलो, आणि इथं एक तांत्रिक गोष्ट फार आडवी आली.

या रेडिओवर एका निरोपात साधारण दोनशे बाइट मावतात. रोमन अक्षर एक बाइट घेतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. "कुरुंदवाड" लिहिलं की सत्तावीस बाइट गेले. "नृसिंहवाडी" लिहिलं की तीस. म्हणजे मराठीत साठ-पासष्ट चिन्हं, की निरोप संपला. "आमच्या आईला श्वास लागतोय, लवकर या" एवढ्यातच निम्म्याच्या जवळ जागा जाते, आणि पत्ता अजून यायचाय.

रोमनमध्ये लिहा म्हणणं सोपं होतं. पण आशाताई (गावच्या आरोग्य कार्यकर्त्या), पोलीस पाटील, डेअरीचे सचिव घाईत काय लिहितात ते आम्ही बघितलंय. व्हॉट्सॲपवर सगळी मराठीच. घाबरलेल्या माणसाला लिपी बदलायला लावू नये, या मताची मी आहे. त्यामुळे मराठी ठेवली आणि निरोप बारीक केला. क्रम कायम: डीपी, माणसं, आजारी, जनावरं, गरज. "औ७ मा६ आ१ ज४ बोट". हे लिहायला तालीम लागत नाही, कारण डीपी सगळ्यांच्या तोंडी आहेच. गरजेचे शब्द मोजकेच: बोट, औषध, पाणी, चारा, सुखरूप.

"सुखरूप" हा शब्द आशाताईंनी घालायला लावला. त्या म्हणाल्या, "२०२१ ला निम्मे लोक फक्त एवढंच विचारत होते की आमचं माणूस सुखरूप आहे का." खरं आहे. इचलकरंजीत, पुण्यात बसलेल्या लेकीला तो एक शब्द मिळाला तर ती बोटवाल्यांना फोन करून करून अडवणार नाही.

२६ मे

मान्सून यंदा फारच लवकर. २४ ला केरळात, आज मुंबईत. मृगापर्यंतची मुदत मोडीत निघाली. सगळं काम पुढं ओढलं.

छपाई आजच टाकली. गावाला एक मोठा तक्ता ग्रामपंचायतीत, आणि बोटीसाठी ए३ आकाराचे तुकडे, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट केलेले, कोपऱ्यात भोक आणि सुतळी. ओल्या हातानं, टॉर्चच्या उजेडात वाचायचंय, म्हणून डीपीचा क्रमांक मोठा काळा, तारा लाल, विहिरी निळ्या वर्तुळात, बाकी सगळं फिकट. सुंदर नकाशा काढायचा मोह इथं आवरावा लागतो. मागच्या बाजूला निरोपाचा नमुना आणि बोटीत किती माणसं घ्यायची तो आकडा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं बुडाली, त्यात लेकरं होती. तो आकडा प्रत्येक तुकड्यावर असलाच पाहिजे, कुणी कितीही घाई केली तरी.

फोनसाठी ऑस्मअँड या ॲपमध्ये तोच नकाशा, आधीच उतरवून. पथकानं आल्यावर फक्त फाइल घ्यायची, पेन ड्राइव्हवरून किंवा फोन टू फोन. तहसील कार्यालयात आणि जयसिंगपूरच्या दोन ठिकाणी प्रती ठेवल्या.

१ जून, गौरवाड

आशाताईंच्या वह्या. अंथरुणाला खिळलेले, डायलिसिसवाले, दिवस भरत आलेल्या बायका, ऑक्सिजनवर असलेले. पुरात पहिली बोट यांच्यासाठी.

मुलांपैकी एकानं सुचवलं की हे नकाशावरच टाकू, शोधायला सोपं. मी नाही म्हटलं आणि त्यावर चांगली तासभर चर्चा झाली. ओपनस्ट्रीटमॅप जगाला दिसतो. कुठल्या मळ्यात म्हातारी एकटी असते हे तिथं लिहिणं म्हणजे चोरालाही तेच सांगणं. फॉर्ममधूनही नावं काढली. ठरलं ते असं: नकाशावर डीपीपुढं फक्त एक लहान चौकोन, "आधी विचारा" अशा अर्थाचा. कोण आणि काय ते आशाताईंच्या वहीत, आणि वही आशाताईंच्या पिशवीत. दुसरी प्रत प्राथमिक आरोग्य केंद्रात, बंद पाकिटात. ज्यांची नावं आहेत त्यांच्या घरी जाऊन विचारून मगच लिहिली. दोन घरांनी नको सांगितलं, तिथं लिहिलं नाही.

रेडिओच्या मूळ वाहिनीची चावी सगळ्यांना ठाऊक असते, म्हणून आमची वाहिनी वेगळ्या चावीवर घेतली. आजाऱ्याची माहिती हवेतून जाते तेव्हाही ती आजाऱ्याचीच असते.

१५ जून, औरवाड घाट

सराव. नदीला पाणी आलंय पण काठात आहे. आपदा मित्र प्रशिक्षण घेतलेली पोरं, रबरी बोट, आणि मुद्दाम बाहेरून बोलावलेला एक चालक, ज्यानं ही गावं कधी बघितली नव्हती. पाण्यातून घाटाघाटानं, मग काठावर उतरून पायी डीपीपर्यंत. वाटाड्या द्यायचा नाही अशी अट.

त्याला निरोप आला "बु३ मा५ ज६ बोट". नकाशाचा तुकडा काढला, बोटानं वाट धरली, आणि कुणालाही न विचारता बरोबर डीपीखाली जाऊन उभा राहिला. तिथल्या मावशींनी विचारलं, "तुमास्नी कुणी सांगितलं हितं यायला?" त्यानं नकाशा दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन स्वतःचा गोठा शोधला आणि लगेच दुरुस्ती सांगितली: गोठ्यामागं नवीन बोअर पडलंय, त्याचा पाइप उघडा आहे. लाल खूण केली.

सरावातून निघालेली मोठी गोष्ट जनावरांची. दोन्ही पुरांत लोक वेळेत निघाले नाहीत ते प्रामुख्यानं दावणीला बांधलेल्या जनावरांपायी. म्हैस सोडून माणूस बोटीत बसत नाही, आणि ते बरोबरच आहे. सगळा संसार तिच्या दुधावर. म्हणून नकाशात उंचवट्याच्या जागा वेगळ्या रंगानं घातल्या, जिथं जनावरं चालत नेता येतील, चारा उतरवता येईल, आणि इर्विनला किती फूट असताना निघावं म्हणजे पाणंद कोरडी मिळेल. हा फुटांचा आकडा भिंतीवरच्या रेघांमधून आणि म्हाताऱ्या माणसांच्या वाक्यांमधून निघाला. जनावरं वेळेत हलली की निम्म्या बोटींची गरजच उरत नाही.

२९ जून

लहान नोंदी.

डीपीवर पत्र्याच्या पाट्या लावायचं काम चालू. अडचण अशी की चालणाऱ्याला दिसेल एवढ्या उंचीवर पाटी लावली तर पुरात ती बुडते, आणि पूररेषेच्या वर लावायची तर ती जागा चालू विजेच्या जवळ. लेखी परवानगी हातात आल्यावर देखभालीसाठी लाइन बंद असते त्या वेळात लाइनमन दादा स्वतः वर चढून लावतायत, एक वर आणि एक खाली. आमच्यापैकी कुणी खांबाला हात लावायचा नाही.

गणेशवाडीच्या कडेला फोन मध्येच कर्नाटकातला टॉवर धरतात. इकडचे टॉवर पडले तर हीच पहिली आशा, म्हणून तशा जागा नकाशावर घातल्या. टॉवर पडायचं कारण बहुतेक वेळा वारा नसतो. खालची बॅटरी आणि जनरेटर पाण्यात जातो, नाहीतर डिझेल पोचत नाही. आपत्तीत सरकार एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालू देण्याचा आदेश काढू शकतं. तेव्हा फोनमध्ये नेटवर्कची निवड हातानं कशी करायची ते गावात दाखवलं. वयस्कर लोकांचे फोन मुलांनी एकेक करून बघितले. मोठ्या आवाजात येणारा सरकारी इशारा कुणीकुणी सेटिंगमध्ये बंद करून ठेवला होता, तो चालू केला.

कवठेगुलंदच्या टाकीवरचा रेडिओ सलग ढगाळ हवेत नीट चालतोय. शेडशाळचा पॅनल चिंचेच्या सावलीत येत होता, जागा बदलली.

६ जुलै, आषाढी एकादशी

आज गावागावांत प्रती सोपवल्या. दर रविवारी सकाळी सात गावांच्या सात टाक्यांवरून "सुखरूप" असा निरोप नदीपलीकडं जायचा, आणि ज्याचा आला नाही तिथं त्याच दिवशी माणूस जायचा, असं ठरलं. आजचे सगळे आले. हॅमवाले काका जयसिंगपूरहून आवाजावर एकेका गावाचं नाव घेऊन उत्तर देत होते आणि हॉलमधली पोरं आपल्या गावाचं नाव आलं की टाळ्या वाजवत होती.

राधानगरी, कोयना, वारणा भरायला अजून अवकाश आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे धरण भरलं की आपोआप उघडतात, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाहीत. म्हणून त्याची बातमी आली की कुठल्या डीपींना आधी सांगायचं ती यादी गावच्या तक्त्यावर वरतीच लावली.

राहिलेलं: आलासच्या मागच्या शिवारातल्या डीपींना पाट्या नाहीत, लाइन बंद मिळाली की लाइनमन दादा लावणार. गौरवाडच्या द्राक्षबागांमध्ये नवीन तारा ओढल्यात, त्या नकाशात यायच्यात. बोटीचे तुकडे आणखी छापायचे, एनडीआरएफचं पथक या मोसमात कोल्हापुरात उतरलं की त्यांच्या हातात द्यायला. आणि कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूरकडून विचारणा आलीय की आमच्या गावाचं कधी करताय. त्यांना पुढल्या रविवारी लाइनमन, आशाताई आणि डेअरीच्या सचिवांना घेऊन बसा म्हणून सांगितलंय, आम्ही फॉर्म आणि एक रेडिओ घेऊन येतो.